सुमनआत्याची टाळी

बुलबुल अंगणाच्या भिंतीवर बसला की सुमनआत्या हातातलं काम टाकून बाहेर यायची आणि फाडकन टाळी वाजवायची. तो उडेपर्यंत वाजवायची. कॉलनीत सगळे म्हणत, या बाईला पाखरांचा राग आहे. पण घरामागे, जिथे कुणी फिरकत नसे, तिथल्या पेरूखाली ती रोज सकाळी मातीच्या पसरट भांड्यात पाणी भरून ठेवायची. शेंड्याचे पेरू कुणाला काढू द्यायची नाही. हे कुणी बघितलं नव्हतं, कारण कुणाला बघायचंच नव्हतं.

ती माझ्या वडिलांची थोरली बहीण. नवरा गेल्यावर हसनाबादहून आमच्याकडे जालन्याला राहायला आली. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. मी इंग्रजी शाळेत जात होते आणि शाळेत, घरात, पाहुण्यांत कुठेही माझ्या तोंडून शब्द फुटत नव्हता. माझं न बोलणं हा घरातल्या चर्चेचा विषय होता. त्याबद्दल आत्याने मला एकदाही विचारलं नाही.

शेजारी एक वकील राहत. वडिलांची जमिनीची केस त्यांच्याकडे होती, म्हणून आमच्या घरात त्यांना फार मान. त्यांनी एक बुलबुल माणसाळवला होता. संध्याकाळी ओट्यावर बसून शीळ घालायची, तळहातावर केळ्याचा तुकडा ठेवायचा, की तो लाल बुडाचा पक्षी मधुमालतीतून सरळ हातावर. मग मला हाक. मी गेले नाही तर मनगट धरून न्यायचे, शेजारी बसवायचे, गाल ओढायचे.

"एवढंसं पाखरू घाबरत नाही. तू इंग्रजी शाळेत जातेस आणि मला भितेस?"

सगळे हसत. वडीलही हसत. ते हसणं अजून माझ्या कानांतून गेलेलं नाही.

एकदा आत्या भिंतीपलीकडून म्हणाली, "भिऊन राह्यली तं भिऊ द्या की, वकीलसाहेब. तुमचं काय घेऊन राह्यली ती?"

"अहो ताई, चार लोकांत वावरायला नको का तिने?"

"वावरंल. आधी हात सोडा."

त्यांनी सोडला. हसत सोडला.

दिवाळीत त्यांच्याकडे जावई आले. वकिलांनी कौतुकाने शीळ घातली. त्या दिवशी केळं जावयाच्या हातावर होतं. बुलबुल आला, बसला, आणि जावयाने मूठ मिटली. गंमत म्हणून त्याच्या पायाला दोरा बांधला, मुलांमध्ये फिरवला. वकील "जपून, जपून" म्हणत राहिले. जावयाला अडवणार कोण? दिवेलागणीला पक्षी ओट्यावर मान टाकून पडला होता.

"फार धीट होता बिचारा," वकील म्हणाले.

आत्या त्यांच्या ओट्यावर चढली. "धीट? त्याच्यापाशी एक भ्यायचं तेवढं होतं. ते तुम्ही केळं दाखवून काढून घेतलं. मंग हात कुणाचा हाये, त्याला कसं कळावं?" मग तिने माझ्याकडे बोट केलं. "आन् हिलाबी तेच शिकवून राह्यले. पुन्हा हिला हाक मारायची न्हाई. बिलकुल न्हाई."

घरी आल्यावर वडील म्हणाले, "अक्का, जावयासमोर त्यांचा अपमान केलास. माफी माग. आपली केस आहे त्यांच्याकडे."

"केस तुझी हाये. तू माग."

"मग इथं राहणं अवघड होईल तुला."

हे माझे वडील बोलले. आई पातेलं घासत राहिली. ते आधीच घासून झालं होतं.

सकाळच्या एसटीने आत्या हसनाबादला निघाली. जाताना मला एवढंच म्हणाली, "मागच्या भांड्यात पाणी टाकत जाय, पोरी. आन् तिथं उभी राहू नको." ती परत आली नाही. काही वर्षांनी ती वारली तेव्हा घरी बसायला आलेले लोक म्हणाले, तोंडाने फटकळ होती, पण मनाने चांगली. मला त्या 'पण'चा राग येतो. ती चांगली होती म्हणूनच फटकळ होती.

ती हसनाबादला गेली त्यानंतरच्या उन्हाळ्यात मधुमालतीत बुलबुलांची नवी जोडी आली. वकील केळं घेऊन ओट्यावर बसले. माझे वडील शेजारी खुर्चीवर. शीळ ऐकून एक बुलबुल भिंतीवर उतरला आणि मान वाकडी करून तळहाताकडे बघू लागला.

मी बाहेर आले आणि टाळी वाजवली. फाडकन. बुलबुल उडाला.

"अगं, काय हे? आता येतच होता तो," वकील म्हणाले. वडिलांनी माझ्याकडे डोळे वटारून पाहिलं.

तो परत उतरतोय का ते बघत, हात तयार ठेवून मी तिथेच उभी राहिले.