मागचा शॉकअप
ग्रीसचा वास आला की राळेगावातलं ते सायकलचं दुकान आठवतं. मोठा भाऊ पुण्याहून दिवाळीला येणार होता आणि फोनवर त्याने फक्त आपल्या जुन्या गिअरच्या सायकलची चौकशी केली होती, घरातल्या बाकी कशाचीच नाही. तिचा मागचा शॉकअप असा कुरकुरायचा की पार मारेगावची कुत्री भुंकायची. दुकानातल्या चाचांनी स्प्रिंग बदलली, ट्रॅक्टरच्या टायरचं रबर कापून सांध्यात बुश म्हणून बसवलं, डबाभर ग्रीस ओतलं, तरी मागचं चाक म्हशीच्या शेपटीसारखं हलतच राहिलं. "बुश नवं टाकता येते बाबू, पण फ्रेमचं भोकच झिजून गेलं, त्याले मी काय करू? शॉकअपच्या जागी लोखंडी पट्टी वेल्ड करून देतो. चालन, पण उसळनार नाही." मी म्हटलं, करा. भाऊ आला, बसला, दोन खड्ड्यांतून गेला आणि उतरून सायकल हातात धरून परत आला. "चांगली हाये," एवढंच म्हणाला. आता फोनवर मीच सांगतो, सायकल लोण्यासारखी पळते. तो नुसतं "हं" म्हणतो.