आत्तीचं मरणाशी वैर

आमची थोरली आत्ती मयताला गेली की भांडूनच घरी यायची. थोरली आत्ती म्हणजे माझ्या वडिलांची सगळ्यात मोठी बहीण. घर ख्रिस्ती असो, हिंदू असो नाहीतर जैन, तिला फरक पडायचा नाही. कुणीतरी ‘सुटला बिचारा’ म्हणायचं आणि हिचं डोकं फिरायचं. ‘सुटला? कशातनं सुटला? बायकू हितं, पोरं हितं, म्हस हितं, आन ह्यो एकटा सुटला व्हय?’ तिचे यजमान ऐन चाळिशीत गेले तेव्हा एका बाईनं गळ्यात पडून तिला सांगितलं, की देवाला चांगली माणसं आवडतात. आत्तीनं डोळे पुसले आणि विचारलं, ‘मग तुमी कशा ऱ्हायला?’ ती बाई पुन्हा आमच्या दारात आली नाही.

कळंब्याच्या रस्त्याला तिची पिठाची गिरणी होती. नवऱ्यामागं तिनंच ती चालवली. गिरणीच्या आवाजावर बोलायची सवय जडल्यामुळे हळू बोलणं तिला ठाऊकच नव्हतं. चर्चमध्ये तिनं शेजारणीच्या कानात सांगितलेलं शेवटच्या बाकावर ऐकू जायचं. आमच्याकडे अंत्यविधीला जाण्याला मातीला जाणं म्हणतात. दळणाचा डबा घेऊन कुणी म्हणालं, ‘आक्का, माझं आदी करा, मातीला जायाचंय,’ की ही तिथंच अडवायची. ‘माती कुणाला म्हंतोस? नाव हुतं नव्हं त्येला? नाव घिऊन सांग.’ गिऱ्हाईक ओशाळं हसायचं, पण नाव घ्यायचं.

मरणाला ती वैरी म्हणायची. हे तिच्या मनचं नव्हतं, आमच्या शास्त्रातलंच आहे. येशू मेला, पुरला गेला आणि देहासकट उठला, आणि एक दिवस आपणही असेच उठणार, हे आम्ही सगळे दर रविवारी एका सुरात म्हणतो. म्हणतो आणि घरी जाऊन मटणावर ताव मारतो. आत्ती ते खरं धरून चालायची, एवढाच तिचा गुन्हा. दळणाला आलेल्या बाईच्या टाचेला भेगा दिसल्या की तिला बसवून तेल लावायची. अंथरुणाला खिळलेल्या शेजारणीची नखं कापायची, वेणी घालायची. कुणी म्हटलं की आक्का, आता हिचं काय राहिलंय, तर ऐकवायची, ‘ह्ये अंग टाकून द्यायचं न्हाई. देव ह्येच उठवणार हाय. दुसरं देणार असता तर मीबी हयगय केली असती.’

आता माझं सांगते. हे सांगताना माझा आवाज अजून चढतो आणि तो खाली आणायची मला इच्छा नाही. मला गारगोटीला दिलं होतं. नवरा शाळेत शिक्षक, चर्चच्या गायकवृंदात पुढे उभा राहून गाणारा, आवाज असा की बाया डोळे पुसायच्या. तोच घरी आला की हात उचलायचा. सुजलेला गाल घेऊन मी माहेरी कोल्हापूरला आले, तर दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, पंचकाकांना बोलावलं. पंचकाका हे आमच्या मंडळीच्या पंचांतले एक, चर्चचा कारभार त्यांच्याच शब्दावर चालायचा. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं, ‘पोरी, प्रभूनं क्रूस सोसला, तुला एवढं सोसवंना? हितलं दुःख चार दिसांचं. फुडं सर्गात मुकुट मिळणार हाय.’ दादांनी मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी मला एसटीत बसवून परत पोचवलं. ज्या शिकवणीनं मेलेला माणूस उठतो, तीच शिकवण काकांनी मला आडवं पाडून ठेवण्यासाठी वापरली. याचा मला अजून संताप येतो.

पुढच्या खेपेला आले ती मोडलेलं मनगट प्लास्टरमध्ये घेऊन. ईस्टरचा आठवडा होता. घरी परत पंचकाका येणार, परत मुकुटाची गोष्ट होणार, म्हणून मी तडक आत्तीच्या गिरणीवर गेले. गिरणीच्या घरघरीत मी तिला ओरडून सांगितलं, की आता मेले तर बरं, तिथं वर तरी सुख लागेल. आत्तीनं गिरणी बंद केली. मला वाटलं, जवळ घेईल. तिनं माझ्यावरच आवाज चढवला.

‘मरून सुटा म्हणून सांगणारा आपला देव न्हवं. मरणाचं नरडं धरलेला देव हाय त्यो. आन तू त्येच्याच नावानं मरणाच्या दारात निघालीस?’

मग प्लास्टरमधला हात तिनं मांडीवर घेतला, बोटांवरचं पीठ पदरानं पुसलं आणि एकेक बोट हलतंय का ते बघत बसली. त्या वेळी ती रडली. रडतानाही शिव्याच देत होती, माझ्या नवऱ्याला, दादांना आणि पंचकाकांना.

आमच्याकडे ईस्टरच्या पहाटे सगळी मंडळी दफनभूमीत जमते. आदल्या आठवड्यात आपापल्या माणसांच्या कबरींना चुना लावलेला असतो, त्यावर फुलं आणि मेणबत्त्या. आईनं माझ्या प्लास्टरवर पदर ओढून दिला होता. आत्तीनं सगळ्यांच्या देखत तो काढला. पंचकाका पुढे आले आणि दबक्या आवाजात म्हणाले, ‘आक्का, सणाचा दिस हाय. झाका ते. लोक बघाय लागल्यात.’

आत्तीला दबका आवाज जमत नव्हताच. ‘त्यो उठला तवा हातातलं खिळ्याचं घाव झाकून आलता व्हय? शिष्यास्नी दावलं की न्हाई? बोट घालून बघ म्हणाला की न्हाई? मग हिनं कुणासाठी झाकायचं? तुज्या सणासाठी?’

पाळकांनी, म्हणजे आमच्या धर्मगुरूंनी, घाईघाईनं ‘प्रभू उठला आहे’ म्हटलं. ‘खरोखर उठला आहे’ असं मंडळीनं उत्तर द्यायचं असतं. त्या पहाटे निम्म्या लोकांचा आवाज फुटला नाही. आत्तीचा तेवढा खणखणीत आला.

तिथून तिनं मला परत आपल्याच घरी नेलं आणि दुसऱ्या दिवशी पोलीस ठाण्यात. दादा महिनाभर तिच्याशी बोलले नाहीत. पंचकाका म्हणत फिरले, की आक्कानं मंडळीचं नाव घालवलं. मंडळीचं नाव माझ्या मनगटापेक्षा नाजूक होतं म्हणायचं. मी गिरणी शिकले, कोर्टाच्या फेऱ्या मारल्या आणि मोकळी झाले. गारगोटीत त्याच्या गाण्याचं अजून कौतुक होतं, असं ऐकते.

गेल्या वर्षी आत्तीच्या पोटात गाठ निघाली. भेटायला येणाऱ्यांची अपेक्षा अशी, की एवढी श्रद्धाळू बाई, आता कशी शांतपणे तयारी करील. आत्ती तयार नव्हती. ‘मला न्हाई जायाचं,’ असं ती प्रत्येकाला सांगायची. पाळक म्हणाले, ‘आक्का, तुम्हांला तर पुनरुत्थानाची खात्री आहे.’ ती म्हणाली, ‘हाय की. पर डाक्टर हाय म्हणून कोण पाय मोडून घेतंय व्हय?’ तिला वेदना होत, भीतीही वाटे, आणि ती कुणापासून लपवत नसे. मला हाक मारून म्हणे, ‘माज्या टाचा बघ गं, फुटल्यात.’ मी तेल लावायची.

एका दुपारी पंचकाका प्रार्थनेला आले. काठी टेकत आले, त्यांचंही वय झालं होतं. त्यांनी डोळे मिटले तेवढ्यात आत्तीनं त्यांचा हात धरला.

‘माज्यासाठी काय मागू नगंस. आदी हिची माफी माग.’

काका म्हणाले, ‘आक्का, जुनं झालं ते. मी देवाजवळ बोललोय त्याबद्दल.’

‘देवाचं मनगट मोडलं न्हवतं,’ आत्ती म्हणाली. दम लागला म्हणून थांबली, मग पुन्हा म्हणाली, ‘मी उठीन त्या दिशी आदी तुलाच गाठणार हाय. तवा तोंड चुकवू नगंस.’

काकांनी प्रार्थना आटोपती घेतली आणि चहा न घेताच गेले. मी त्यांच्या मागं दारापर्यंत गेले. ते चपला घालेपर्यंत उभी राहिले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

आत्ती त्याच आठवड्यात गेली. शांतपणे गेली नाही. शेवटच्या रात्रीपर्यंत माझा दंड धरून होती आणि सोडायला तयार नव्हती. दफनाच्या वेळी दोन शब्द बोलायला पंचकाका उभे राहिले. म्हणाले, ‘आक्का हसतमुखानं प्रभूत निजल्या. कुणाविषयी त्यांच्या मनात काही उरलं नव्हतं. आपल्याला आशा आहे, की त्या पुन्हा उठतील.’ मी तिथंच म्हणाले, ‘खोटं आहे.’ आईनं माझा हात दाबला. पाळकांनी गीत सुरू केलं.

माती लोटून झाल्यावर काका माझ्याजवळ आले आणि पूर्वीसारखाच डोक्यावर हात ठेवला. ‘रडू नगं पोरी. आक्का गेली, तिच्यासंगट जुनं समदं गेलं. तूबी इसर.’

मी त्यांचा हात डोक्यावरून काढून त्यांच्याच काठीवर ठेवला. ‘काका, ती उठणार म्हणून आत्ता तुम्हीच सांगितलंत नव्हं?’

‘व्हय की.’

‘मग जुनं कसं जाईल?’

काकांनी एकदा ताज्या मातीकडे पाहिलं आणि काठी सावरत बाजूला झाले.

काका अजून माफी मागायला आलेले नाहीत. गिरणी मीच चालवते, सकाळपासून दार उघडं असतं, त्यांचं घर दोन गल्ल्यांवर आहे. त्यांनी जिवंतपणीच येऊन जावं. मी फार तर चार शब्द सुनावीन. आत्ती तेवढ्यावर सोडायची नाही.