आजीच्या दारापुढचं ओलं लुगडं

मंडळी, आज दापोडीला सोनाआजींना भेटलो. पन्नासच्या दशकात त्या माझ्या आजीच्या शेजारीण होत्या.

तेव्हा अंथरुणाला खिळलेल्या सासूची सेवा करायला आजी-आजोबा आठ महिने गावी होते. किल्ली सोनाआजींकडे. भाड्याची खोली सहा महिने बंद राहिली, तर मालक ती कायद्यानं परत मागू शकायचा.

"मग म्या रोज तुज्या आजीचं एक लुगडं धुवायची आन् तिच्या दारापुढं वाळत घालायची. मालकाला वाटायचं, मानसं हायती."

"तुम्ही ते एकदाही नेसलं नाहीत?"

"आरं, तिचं व्हतं ना त्ये."

त्यांची स्वतःची तेव्हा दोनच लुगडी होती. आजी परतली, तर तिचं लुगडं न नेसताच विरलेलं.

घरी आलो तेव्हा दिसलं, शेजारच्या दाराच्या कुलपावर धूळ बसलीय; तिथं कोण राहतं, मला ठाऊकच नाही. तुमच्या शेजारी कोण राहतं?