सुरगीची चार मडकी

देवणीहून धर्माबादला एसटीनं गेलं तर अर्धा दिवस मोडतो. सिद्रामप्पा कुंभारांना जवळजवळ आठवडा लागतो, कारण ते आपल्या दोन गाढवांबरोबर चालत जातात. "गाढवं घेऊन चाललो" असं ते कधी म्हणत नाहीत. "आमी तिघं निघालोय," म्हणतात.

पुढे म्हातारी चंद्री, मागे तिचं पोर बाळ्या आणि दोघांच्या मध्ये खांद्यावर धोतराचा सोगा टाकलेले सिद्रामप्पा. गाढवांच्या पाठीवर गोणपाटाची जाड गादी, तिच्या दोन्ही अंगांना दोरीच्या जाळ्या आणि जाळ्यांत उसाच्या पाचटात निजवलेले माठ न् मडकी. पहाटे चालायचं, ऊन चढलं की चिंचेखाली टेकायचं, उतरलं की पुन्हा निघायचं. मुक्काम एखाद्या देवळाच्या नाहीतर ओळखीच्याच्या अंगणात. उदगीर, मुक्रमाबाद, मुखेड, नरसी अशी ही वाट त्यांनी वडिलांबरोबर पहिल्यांदा केली. गाढवं नीट चालत असली की सिद्रामप्पा त्यांच्याशी मराठीत बोलतात. अडली की कन्नडवर येतात. "नडी, नडी" म्हणजे 'चल, चल' असं दोनदा ऐकू आलं की समजावं, चंद्री कुणाच्यातरी दारात उभी आहे.

चंद्री दारात उभी राहते, त्याला कारण आहे. सिद्रामप्पांच्या वडिलांनी नेम घालून दिला होता की ज्या दारी गाढव आपण होऊन थांबेल, त्या घरानं मडकं मागितलं तर 'नाही' म्हणायचं नाही. चंद्रीनं या नेमातून आपल्यापुरता अर्थ काढला. ज्या दारी एकदा भाकरी मिळाली, ते दार ती विसरत नाही.

गेल्या उन्हाळ्यात सिद्रामप्पांच्या नातीचं, अंबिकाचं, लग्न धर्माबादला ठरलं. त्यांच्या समाजात लग्नात सुरगी मांडतात. चार कोपऱ्यांना चार नवी मडकी ठेवायची, त्यांच्याभोवती सूत गुंडाळायचं आणि मधल्या चौकोनात नवरा-नवरीला बसवून न्हाऊ घालायचं. अंबिकानं फोन करून सांगितलं, "आज्जा, माझ्या सुरगीची मडकी तुझ्याच हातची पायजेत. अन् टेम्पोत टाकू नकोस. मागच्या खेपेला निम्मी खापरं आली होती."

तिच्या वडिलांनी, म्हणजे सिद्रामप्पांचे जावई उमाशंकर यांनी, फोन घेतला. त्यांचं धर्माबादला किराणा दुकान आहे आणि माणूस हिशेबी.

"मामा, मी चार पितळी हंडे आणून ठेवलेत. तुमी न्हाईच पोचलात तर खोळंबा नको."

"न्हाई पोचायला काय झालं? पाय हायत की मला."

"तुमचे हायत हो. चंद्रीच्या पायांचं काय सांगावं?"

ही गोष्ट सिद्रामप्पांना लागली. मडकी त्यांनी मन लावून घडवली. चुन्यानं पांढरी केली, त्यावर कावेच्या तांबड्या रेघा ओढल्या, रंग खरवडू नये म्हणून एकेक फडक्यात बांधलं. मी त्यांच्या शेजारी राहणारा शाळामास्तर. म्हटलं, "आप्पा, एक पाचवं असू द्या जास्तीचं."

"पाचवं घेतलं म्हंजी एक फुटणार, हे आपणच ठरवल्यावानी हुतंय, गुरुजी."

"मग सुरगीची मडकी बाळ्यावर घाला. चंद्री दारोदार थांबते."

"बाळ्या पोरगं हाय. ट्रॅक्टर दिसला की नाचतंय. चंद्रीच्या पाठीवर पाणी ठेवलं तरी सांडत न्हाई."

हे खरंच होतं. म्हणून नवरीची मडकी चंद्रीवर आली आणि विकायचा माल बाळ्यावर. वाटेत चंद्री तिच्या नेहमीच्या दारांत थांबत गेली आणि बाळ्याची पाठ हलकी होत गेली. नरसीच्या पुढे बाळ्याच्या जाळीत नुसतं पाचट उरलं.

आणि कुंडलवाडीत, धर्माबाद अगदी जवळ आलेलं असताना, चंद्री जुन्या ओळखीच्या जाहिदाच्या दारात थांबली. "नडी" झालं, शेपटी ओढून झाली. चंद्री ढिम्म. जाहिदा ज्वारीची भाकरी घेऊनच बाहेर आली.

"आलात का काका? देवानंच धाडलं तुमाला. बुशरा बाळंतपणाला आलीय. फ्रिजचं पाणी पिलं की घसा धरतोय तिचा. एक माठ द्या."

"मी चंद्रीकडं बगितलं," सिद्रामप्पा मला पुढे सांगत होते, "अन् ती भाकरीकडं बगून राहिली."

वडिलांचा नेम मोडवेना. नातीच्या लग्नाला धर्माबादला चाललोय एवढं त्यांनी सांगितलं, पण मडकी कशाची, ते सांगितलं नाही. बांधलेलं एक मडकं फडक्यासकट जाहिदाच्या हातात दिलं आणि चालू लागले.

हळदीच्या संध्याकाळी ते मांडवात पोचले, तेव्हा मी एसटीनं येऊन बसलोच होतो. उमाशंकरांनी जाळीत हात घालून पाहिलं.

"तीनच? एक फुटलं?"

"फुटलं न्हाई. दिलं."

"लेकराच्या लग्नाचं मडकं वाटंत वाटून आलास, आप्पा?" सिद्रामप्पांची लेक, अंबिकाची आई सुकन्या म्हणाली. अंबिकानं तिन्ही मडकी एकेक करून आत नेली, आणि सिद्रामप्पांना तेच जास्त लागलं. ते उठून चंद्रीजवळ जाऊन बसले.

सकाळी सुरगी मांडली. तीन कोपऱ्यांना मडकी, चौथ्याला उमाशंकरांचा चकचकीत हंडा. बायका सूत गुंडाळायला लागणार, तेवढ्यात मांडवाशी एक टेम्पो येऊन थांबला. चालवत होता जाहिदाचा नवरा सलीम. शेजारी जाहिदा, आणि तिच्या मांडीवर मडकं.

"काका, मी बाजारातून येईस्तोवर पोरीनं फडकं सोडून पाणी भरलं की हो. बघते तर चुना, काव, रेघा. असलं मडकं कुणी पाणी प्यायला देतंय का?"

"दारात थांबली चंद्री. नेम हाय आमचा."

"नेम तुमचा. मडकं नवरीचं."

उमाशंकर हसले. "मामा, शेवटी टेम्पोनंच आलं म्हणायचं."

"टेम्पोनं कुठलं?" सलीम म्हणाला. "हिच्या मांडीवर आलंय. सगळी वाट मला दुसऱ्या गिअरच्या वर जाऊ दिलं न्हाई."

हंडा उचलला गेला आणि चौथं मडकं आपल्या जागी बसलं. बाकीची तीन कोरडी होती. हे रात्रभर पाणी मुरून ओलसर झालं होतं आणि कावेची एक रेघ जरा ओघळली होती. न्हाणं सुरू झालं तशी अंबिका त्याच कोपऱ्याकडे सरकली. "आज्जा, हे गार हाय रे," म्हणाली आणि त्यावर हात ठेवून बसली. सिद्रामप्पांनी सोग्यानं तोंड पुसलं.

उमाशंकरांनी स्वतः तो पितळी हंडा पाण्यानं भरला आणि चंद्रीपुढे नेऊन ठेवला.

जेवणं झाल्यावर सलीम म्हणाला, "काका, आता ते मडकं टेम्पोतच द्या. घरी निघालोच हाय."

"नको," सिद्रामप्पा म्हणाले. "परवा आमी तिघं तिकडूनच जाणार. चंद्री थांबंल तुमच्या दारात, तवा देतो."

"अन् न्हाई थांबली तर?"

जाहिदा टेम्पोत चढता चढता म्हणाली, "थांबंल. भाकरी करून ठेवते मी."