बत्तीस किलोचा कॅबिनेट

आमच्या गायन पार्टीचा स्पीकर कॅबिनेट, म्हणजे स्पीकर बसवलेला खोका, बत्तीस किलोचा आहे आणि तो मी निवडला आहे. कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी उठताना कंबर मला या दोन्ही गोष्टींची आठवण करून देते.

मी बास गिटार वाजवते. पांढुर्ण्यात हे सांगितलं की लोक विचारतात, म्हणजे ती साधी गिटार नाही का. नाही. तिला चार जाड तारा असतात, ती गाण्याच्या खालून चालते, आणि स्वतःचा अॅम्प्लिफायर आणि स्वतःचा स्पीकर नसेल तर ती मुकी असते. पार्टीत आम्ही पाच जण आहोत. माझी मावशी गाते. तिचा नवरा, म्हणजे माझे काका, ढोलकी वाजवतात. आणखी दोघं कोरस देतात आणि आळीपाळीने पेटी धरतात. पौर्णिमा, जयंती, नामकरण, लग्न, जिथून बोलावणं येईल तिथे आम्ही प्रबोधनाची गाणी घेऊन जातो. मावशी तिगावला राहते, हंगामात कापूस वेचते, संत्र्याच्या तोडीला जाते, आणि गाणी स्वतः रचते. लिहिते मात्र मी, कारण तिला लिहायचा सराव नाही.

पार्टीचा एक नियम आहे. आपलं वाद्य जमिनीवर ठेवायचं नाही.

तो माझ्या बाबांनी केला. बाबा नगरपालिकेत कारकून होते, पार्टीसोबत फिरायचे आणि रविवारी तिची पत्रकं लिहायचे. ते तरुण असताना सौसरकडच्या एका गावी पार्टीला लग्नात गाण्यासाठी बोलावलं होतं. मांडवात पाहुण्यांसाठी गाद्या होत्या. पार्टीला चपलांच्या ढिगाजवळ मातीत बसवलं. पेटी मातीत, ढोलकी मातीत. बाबा परत आले आणि त्यांनी निळ्या कागदावर छापलं: ज्या जमिनीवर आम्हांला बसवलं, त्या जमिनीला आमचं वाद्य टेकणार नाही. मी वाचायला शिकले ती त्या कागदांवर आणि पाढे लिहिले तेही त्यांच्याच कोऱ्या बाजूवर. बाबा गेल्यावर पत्रकं मी लिहू लागले. प्रत्येक नव्या पत्रकात ते वाक्य सगळ्यात वर, ठळक अक्षरांत असतं. त्यात एक स्वल्पविरामही मी कधी बदलला नाही.

तर स्पीकर. आधी मी मांडववाल्यांच्या भोंग्यातून वाजवायचे. भोंग्यातून माणसाचं बोलणं दूरवर जातं, पण बासचा खालचा सूर त्यातून निघतच नाही. नुसती टकटक ऐकू येते. कार्यक्रम झाला की कुणीतरी मावशीला विचारायचंच, "हे पोरगी काय वाजवून राहिली होती व? आवाज त आला नाही." आणि जयंतीच्या मिरवणुकीत डीजेच्या भिंतीएवढ्या खोक्यांनी दुकानांच्या काचा थरथरायच्या. गाण्यात शब्द नाही, विचार नाही, तरी छातीत धक्का बसायचा. मला त्याचा राग यायचा. मी ठरवलं की आमचा आवाजही छातीत बसला पाहिजे. आम्ही का दबून राहायचं?

पार्टीने वर्षभर थोडं थोडं बाजूला ठेवलं आणि मी नागपूरला गेले. दुकानदार वयस्कर होते, नाकावर चष्मा, स्वतः उठून तार छेडून दाखवणारे. त्यांनी दोन कॅबिनेट शेजारी ठेवले. एकात दहा इंचांचे दोन स्पीकर, दुसऱ्यात पंधरा इंचांचा एकच.

"मोठा स्पीकर म्हणजे जास्त आवाज, असं नसते ताई," ते म्हणाले. "हा पंधराचा खोल जाते, पण थोडा पसरते. हे दोन दहाचे साफ बोलते. तुमच्यासोबत गाते कोण?"

"मावशी."

"आवाज कसा आहे?"

"जाड. आता थोडा बसत चालला."

"मग दहाचे न्या. त्यायच्या शब्दाच्या आड येणार नाही. अन् खरं सांगू का, आज घेऊच नका. मावशीले घेऊन या, त्यायले गाऊ द्या, मग ठरवा. एकट्यानं वाजवून घेतलेला डबा घरी जाऊन फसवते."

तोडीच्या दिवसांत मावशीची मजुरी बुडवून तिला नागपूरला आणायचं मला पटलं नाही. मी एकटीनेच दोन्ही वाजवून पाहिले. पंधराच्या कॅबिनेटवर सगळ्यात जाड तार छेडली तेव्हा समोरच्या कपाटाची काच वाजली. तिथेच माझं ठरलं. दुकानदारांनी वाद घातला नाही. अॅम्प्लिफायर जोडून दिला, वायर दिली, आणि पुढेमागे दुसरा कॅबिनेट जोडायचा झाला तर आधी फोन करा, नाहीतर मशीन जळेल, एवढं दोनदा सांगितलं.

संत्री उतरवून रिकाम्या परतणाऱ्या पिकअपमध्ये तो पांढुर्ण्याला आला. त्याच्या जाळीत तणसाच्या काड्या अडकल्या होत्या. पुढचे कितीतरी दिवस त्याला संत्र्याचा वास येत होता.

पहिला कार्यक्रम बोरगावजवळ होता, दुपारी, जेवणावळीनंतर. खेड्यात आमचं स्टेज म्हणजे ट्रॅक्टरची ट्रॉली. तिचे बाजूचे फाळके पाडायचे, वर सतरंजी टाकायची, झालं. चौघांनी मिळून कॅबिनेट वर चढवला आणि मावशीच्या मागे ठेवला. काका म्हणाले, "एवढ्यात त गाय चढली असती." मी हसले नाही. मला नियम पाळल्याचं समाधान होतं.

पहिल्याच सुराला ट्रॉली घुमली. ट्रॉली म्हणजे पोकळ लोखंडी पत्रा, त्यावर पंधरा इंचांचा स्पीकर. तळाचा पत्रा ढोलासारखा वाजू लागला. मला मात्र ते कळलं नाही. मी कॅबिनेटला अगदी चिकटून उभी होते आणि त्याचा आवाज माझ्या पोटऱ्यांना लागत होता, कानांपर्यंत नीट येत नव्हता. बासचं असंच असतं, जवळच्याला कमी आणि लांबच्याला जास्त. हे मला माहीत होतं, पण समोर माणसं बसली की माहीत असलेलं आठवत नाही. मी आवाज वाढवला.

माइक सांभाळणारा तिथलाच एक माणूस होता. तो ट्रॉलीच्या कडेला आला. "ताई, तो डबा खाली उतरवा. डबा नाही वाजून राहिला, ट्रॉली वाजून राहिली."

"आमचं वाद्य आम्ही खाली ठेवत नाही."

"वाद्य कुठं म्हणतो मी, डबा म्हणतो."

"तेही वाद्यच आहे."

त्याने माझ्याकडे एकदा पाहिलं. "बरं. तुमचा कार्यक्रम, तुमची मर्जी," म्हणाला आणि जाऊन खुर्चीत बसला.

मावशीचं एक गाणं आहे, शाळेत गेलेल्या मुलीचं. वस्तीतून पहिल्यांदा एक मुलगी पाटी घेऊन शाळेत जाते, बापाचं नाव लिहायला शिकते आणि घरी येऊन बापाला सांगते:

तुहं नाव मी लिवते बाबा, सहीचं नको बोल,
आता अंगठ्याले म्हण तुह्या, जाय संत्रे सोल.

या ओळीला लोक हसतात. मी लहान होते तेव्हापासून हसतात. म्हातारी माणसं सगळ्यात जास्त हसतात आणि हसताना आपल्याच अंगठ्याकडे पाहतात. त्या हसण्यासाठी मावशी एक ठेका थांबते.

बोरगावला ती थांबली आणि कुणी हसलं नाही. समोरून एक बाई ओरडून म्हणाली, "मावशी, तुमचं काही समजून नाही राहिलं व." मावशीने कडवं पुन्हा घेतलं, जास्त जोरात. मग पुढचं त्याहून जोरात. तिच्या मानेच्या शिरा मला मागून दिसत होत्या. पुढच्या गाण्यात तिचा आवाज मध्येच तुटला आणि उरलेला कार्यक्रम कोरसवाल्या दोघांनी कसाबसा पूर्ण केला.

आठवडाभर ती कुजबुजत बोलली. पांढुर्ण्याच्या डॉक्टरांनी घसा पाहिला आणि सांगितलं की हळू गायल्या तर चालेल, पण असं ओरडून पुन्हा गायल्या तर आवाज परत येईलच असं मी म्हणणार नाही. पुढचा कार्यक्रम सावरगावला होता, वीस दिवसांनी.

काका म्हणाले, "बास राहू दे यावेळी. ढोलकीवर निभते."

कॅबिनेट मी निवडला होता, आवाज मी वाढवला होता, आणि घसा मावशीचा गेला होता. राहू दे म्हणणं सोपं होतं. मावशीच ऐकेना. तिने हाताने खूण करून नाही म्हटलं आणि कुजबुजली, "तिच्या वाजवण्यानं मले सूर धरायले सोपं जाते. वर जा लागत नाही."

मग मी रोज खटपट केली. बुद्ध विहाराच्या अंगणात काकांनी ट्रॉली आणून उभी केली. कॅबिनेटखाली बारदानाचं पोतं घातलं. मग जुनी गादी दुमडून घातली. अॅम्प्लिफायरवरचं खालच्या सुराचं बटण जवळजवळ बंद केलं, मधलं थोडं चढवलं. गादीने फरक पडला, पण पत्रा घुमायचा तो घुमतच राहिला. प्रत्येक वेळी बत्तीस किलो वर, बत्तीस किलो खाली. मावशी विहाराच्या पायरीवर रुमाल गळ्याला गुंडाळून बसायची, ऐकायची आणि नाही म्हणून मान हलवायची. चौथ्या दिवशी माझे हात उचलेनात. मी ट्रॉलीच्या चाकाला टेकून बसले.

"खाली ठेव ना तो," मावशी म्हणाली.

"बाबांनी लिहिलं आहे."

"तुह्या बापानं लिहिलं तवा मी होती तिथं. तू नव्हती." ती एक एक शब्द सांभाळून बोलत होती. "आमाले म्हटलं, तिथं बसा, चपलांजवळ. आमी बसलो. घरी येऊन तुहा बाप जेवला नाही. मग लिवलं त्यानं. इथं तुले कोण बसवून राहिलं?"

"कोणी नाही. पण एकदा खाली ठेवला की पुढे सगळेच म्हणतील, खालीच ठेवा."

"म्हणू दे. तवा पाहू."

"आणि पत्रकात काय लिहू?"

"ते मले काय विचारते? मले वाचता येते का धड?" ती थोडी हसली आणि तिला खोकला आला. खोकला थांबेपर्यंत मी तिच्याकडे पाहत होते. मग ती म्हणाली, "माहा घसा वर चढवू का तुहा डबा खाली उतरवू, एक सांग."

काका उठले. आम्ही दोघांनी कॅबिनेट खाली उतरवला आणि फरशीवर ठेवला. मी एक सूर वाजवला. कसलाही घुमारा नाही, एक गोल, कोरडा सूर, आला आणि गेला. मावशी पायरीवर बसल्या बसल्या, बोलावं तेवढ्याच आवाजात, अंगठ्याची ओळ म्हणाली. विहाराच्या फाटकापाशी उभ्या असलेल्या बाईने वळून पाहिलं.

मला आनंद झाला नाही, हे खरं आहे. मला बाबांचं नाव कुणीतरी खोडल्यासारखं वाटलं, आणि खोडणारी मी होते. मी कितीतरी लोकांशी भांडले आहे, नियम एकदा वाकवला की तो नियम राहत नाही, असं म्हणून. ते मला अजून पटतं. आणि मावशीच्या गळ्याभोवतीचा रुमालही मला दिसत होता.

सावरगावला जाम नदीच्या पुलावरून ट्रॉली गेली तेव्हा ऊन कलत होतं. कॅबिनेट उतरवून मी चाकाशेजारी जमिनीवर ठेवला. बाकी सगळे वर चढले. मी चढले नाही; डबा मातीत ठेवून आपण वर बसायचं मला जमेना. बास घेऊन कॅबिनेटशेजारी मातीतच बसले.

काकांनी वरून वाकून पाहिलं. "तू कायले खाली बसली व?"

"वायर पुरत नाही."

"एवढी लांब वायर?"

"नाही पुरत."

त्यांनी वायरचं वेटोळं माझ्या पायाशी पडलेलं पाहिलं आणि ढोलकीच्या दोऱ्या ताणायला लागले.

खालून मला मावशी दिसत नव्हती. ट्रॉलीचं चाक दिसत होतं, तिच्या पायाची बोटं दिसत होती आणि समोर बसलेल्या लोकांचे गुडघे. ती हळू गात होती, इतकी हळू की मला भीती वाटली, शेवटच्या रांगेला काही जात नसेल. मी बासचा आवाज अजून कमी केला. शाळेतल्या मुलीचं गाणं आलं. पाटी आली, बापाचं नाव आलं. अंगठ्याची ओळ आली आणि मावशी एक ठेका थांबली.

आधी पुढे कुणीतरी म्हातारा हसला. मग बायका. मग पार मागे, जिथे माणसं उभी होती, तिथून हसणं आलं, थोडं उशिरा, पण आलं.

इतक्या दिवसांच्या खटपटीनंतर मला तेव्हा फक्त झोप आली होती.

नवं पत्रक छापायचं आहे. मजकूर दोन आठवडे टेबलावर पडला आहे. बाबांचं वाक्य वर आहे, ठळक अक्षरांत, मी त्याला हात लावलेला नाही. त्याच्याखाली काही लिहावं असं रोज वाटतं आणि रोज राहून जातं. परवा तिगावला कार्यक्रम आहे. कॅबिनेट खालीच ठेवणार आहे आणि मीही खालीच बसणार आहे. काकांनी मला न विचारता माझ्यासाठी एक पोतं धुऊन वाळत घातलं आहे.