हंगामाच्या सणातला भोपळा

त्या रविवारी मी चर्चला गेलो तो रागानेच. कोरेगाव भीमाच्या कारखान्यातलं कंत्राटी काम सुटलं होतं, मिशनच्या दवाखान्यात नर्स असलेली बायको पावसाळ्यात प्रभूकडे गेली होती, आणि आदल्या संध्याकाळी पुण्याहून लेकीचा फोन आला होता. विद्यापीठात तिला एम.एस्सी.ला प्रवेश मिळाला, फीचा पहिला हप्ता आईचे दागिने मोडून भरला. पण शिष्यवृत्ती अडकली आणि खोलीभाडं, मेस काही केल्या झेपेना. "पप्पा, मी शिरूरला परत येते," एवढंच ती म्हणाली. रडली नाही, याचंच मला जास्त वाईट वाटलं. तिने शिकावं म्हणून तिची आई आयुष्यभर झिजली होती.

आमच्यात हंगामाच्या सणाला जो तो शेतातलं, परसातलं काही ना काही प्रभूपुढे आणतो आणि उपासनेनंतर त्याचा लिलाव होतो. बोली जिंकणारा बहुधा ती वस्तू परत टेबलावर ठेवतो, म्हणून एकच कोंबडी चारदा विकली जाते आणि कोंबडीवाल्याची थट्टाही तेवढीच होते. माझ्याकडे होता बायकोने लावलेल्या वेलाचा एक भोपळा. वेलाला फूल यायच्या आधीच ती गेली. तो ठेवताना मी मनात म्हटलं, प्रभू, एवढंच उरलंय, हेही घे. त्याला प्रार्थना म्हणता येणार नाही, ते भांडणच होतं. शेवटी फिरून फिरून तो माझ्याकडेच येईल, अशी आशाही होती.

पण मागच्या बाकावर बसलेल्या एका पटकेवाल्या म्हाताऱ्याने मोठी बोली लावली आणि भोपळा काखेत मारून थेट दाराकडे निघाला. लोक हसायला लागले. माझं डोकं फिरलं. फाटकापाशी त्याला गाठून म्हणालो, "आप्पा, तो परत ठेवायचा असतो."

"आसं व्हय? मला काय म्हाईत, आमी धनगर, मांडवगणचं," ते ओशाळून म्हणाले. "पर बाईंच्या येलाचा म्हनून पुकारला, मंग माझ्यानं ऱ्हावलं न्हाई. मिशनच्या दवाखान्यात माझी लेक आन् नात त्यांच्याच हातनं वाचल्या. त्या गेल्याचं लई उशिरा कळलं मला, म्हनून आज हितं आलो." मी त्यांचाच नवरा, असं सांगितल्यावर त्यांनी विचारलं, "तुमची पोर कुठवर शिकली? बाई सारख्या तिचंच सांगायच्या."

तेव्हा इतके दिवस कुणालाच, अगदी पाळकसाहेबांनाही न सांगितलेलं सगळं मी त्या परक्या माणसापुढे ओकलो. उभ्या उभ्या रडलो. आप्पांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "माझी तीच लेक विद्यापीठाच्या जवळच ऱ्हाती. पोरीला तिच्याकडं धाडा. दोन भाकरी तिला काय जड न्हाईत. भाड्याचं नाव काढू नगा."

लेक तिथे राहायला गेली. दुःख काही संपलं नाही. शिष्यवृत्ती फार उशिरा आली, तोवर फीसाठी मी रखवालदारी केली, आणि संध्याकाळी रिकाम्या घराचं कुलूप काढणं आजही जीवावर येतं. पण प्रभूशी भांडायचं मी सोडलं. मी रागाने टाकलेलंही त्याने देणगी म्हणून घेतलं, यापुढे आणखी काय मागू?

तिथे गेल्यावर पहिल्याच रविवारी लेकीचा फोन आला. "पप्पा, ताईंनी आज भोपळ्याची भाजी केली. गावाहून आप्पांनी आणलाय म्हणे. चव अगदी आपल्या परसातल्यासारखी आहे."

"आईच्याच वेलाचा आहे तो," मी म्हणालो. या वेळी पलीकडे ती रडली.