डाव्या हाताच्या गाठी

आमच्या खोलीच्या दारावर ‘दोघींचे दागिने’ अशी पाटी आहे आणि आत दागिने करायला बसते एकटीच. नवीन गिऱ्हाईक पाटी वाचून आत येतं, इकडेतिकडे बघतं आणि माझ्याकडे वळून विचारतं, “दुसऱ्या तुम्हीच का?” मी नव्हे. मी शिंपीण. खिडकीजवळचं शिलाईमशीन माझं, भिंतीलगतचं लांब टेबल तिचं. मी तोंड उघडायच्या आत ती मान वर न करता सांगते, “दुसरी बाहेर गेली आहे.” नऊ वर्षं ती हेच सांगत आली. जणू दुसरी कोपऱ्यावर दोरा आणायला गेली आहे आणि आत्ता येईल.

तिला सगळे मोठी म्हणतात, कारण घरात एक धाकटी होती. त्यांची आई एका सराफासाठी मोती ओवून द्यायची. मोत्यांची माळ म्हणजे नुसते मणी दोऱ्यात घातले असं नसतं, हे मलाही या खोलीत येईपर्यंत माहीत नव्हतं. प्रत्येक मोत्यानंतर रेशमी दोऱ्याला एक बारीक गाठ मारायची आणि ती मोत्याला अगदी खेटून बसवायची. म्हणजे मोती एकमेकांवर घासत नाहीत आणि माळ तुटलीच तर एखादाच मोती सुटतो, बाकीचे जागच्या जागी राहतात. आईची स्वतःची एक खूण होती. शेवटची गाठ झाली की उरलेला दोरा दोन मोत्यांतून उलटा मागे घ्यायचा आणि तिथे, कुणाला दिसणार नाही अशी, आणखी एक गाठ मारायची. सराफ म्हणायचा, कशाला एवढा खटाटोप? आई म्हणायची, माझ्या समाधानासाठी. दोघी मुली तिच्या पुढ्यात बसून हे शिकल्या.

फरक एवढाच की धाकटी डावखुरी. आईने तिला आरशासारखं समोर बसवून शिकवलं. त्यामुळे मोठीची गाठ उजवीकडे कलायची, धाकटीची डावीकडे. नुसत्या डोळ्यांना काही म्हणजे काही कळत नाही, भिंग लावलं तर कळतं. आई होती तोवर यावरून घरात हसणं व्हायचं. “तुझी माळ उलटी चालते,” मोठी चिडवायची. “तुझी चालते उलटी, माझी सरळच आहे,” धाकटी म्हणायची.

आई गेल्यावर दोघींनी ठरवलं की दुसऱ्याच्या दुकानासाठी आता ओवायचं नाही. माझ्या खोलीत अर्धी जागा रिकामी होती, ती मी दिली. टेबल आलं, मणी ओळीने ठेवायची मखमल लावलेली खाचांची पाटी आली, चिमटे, भिंगं, मेण, रेशमाच्या रिळांचा डबा आला. दोन खुर्च्या आणि दोन दिवे आले. मोठीचा दिवा डावीकडे, धाकटीचा उजवीकडे, म्हणजे काम करणाऱ्या हाताची सावली मण्यांवर पडू नये. दारावरची पाटी रंगवून घेतली ती धाकटीने. तिचा उत्साह असा की रंग सुकायच्या आत पाटी लावली आणि माझ्या नव्या ब्लाऊजला निळा डाग पडला. तो अजून आहे.

पहिलं मोठं काम एका डॉक्टरीणबाईचं आलं. दुपदरी मोत्यांची माळ. दोघी हरखून गेल्या. एक पदर एकीने करायचा, दुसरा दुसरीने, हे ठरवायलाही लागलं नाही. आठ दिवस त्यांनी डोळ्यांत तेल घालून काम केलं. धाकटीचा पदर आधी झाला. तो हातात धरून ती खिडकीशी आली आणि मला म्हणाली, “बघ ना गं, आमचा पहिला.” मी मोती काय ओळखणार? पण तिचा चेहरा बघून म्हटलं, फारच सुंदर.

दुसऱ्या दिवशी दुपारी धाकटी माळेसाठी डबी आणायला बाजारात गेली. मोठीने दोन्ही पदर शेजारी टांगले. बराच वेळ बघितलं. मग भिंग लावलं. म्हणाली, “दोन्हींचा पीळ वेगळा पडतोय. एक इकडे वळतोय, एक तिकडे.”

मी म्हटलं, “मला तर काहीच दिसत नाही. गिऱ्हाइकाला काय कळणार आहे?”

“मला कळतंय ना,” ती म्हणाली. मोठी कामात नाकावर माशी बसू देत नाही, हे तेव्हाही खरं होतं. तिने कात्री घेतली आणि धाकटीच्या पदराचा दोरा प्रत्येक मोत्यापाशी कापला. मोती पाटीच्या खाचेत परत ओळीने ठेवले आणि सगळा पदर नव्याने, उजव्या हाताने ओवायला घेतला.

माझ्या जिभेला हाड नाही असं सगळी गल्ली म्हणते. गिऱ्हाइकाच्या पोटाचा घेर मी त्याच्या तोंडावर सांगते. आणि नेमकं त्या दुपारी मी तोंडातून ब्र काढला नाही. समोर कात्री चालत होती आणि मी बाह्या जोडत बसले. मला आजही त्याचं वाईट वाटतं.

धाकटी परत आली तेव्हा शेवटच्या चार-पाच गाठी राहिल्या होत्या. तिने डबी टेबलावर ठेवली, भिंग उचललं आणि पदर मणी मणी करून बघितला. पाटीच्या कडेला कापलेल्या दोऱ्याचे तुकडे पडले होते, प्रत्येकावर एक गाठ. “छान जुळलंय आता,” ती म्हणाली. आवाज चढवला नाही, रडली नाही. दिवा बंद केला आणि घरी गेली. चार दिवसांनी एका परक्या शहरातल्या कारखान्यात काम मिळालं म्हणून निघून गेली. मोठीला वाटलं, राग आहे, उतरेल.

तो उतरला नाही. फोनचा नंबर बदलला. मामा होता तोवर त्याच्याकडून “बरी आहे” एवढे दोन शब्द यायचे. पत्ता सांगणार नाही असं त्याने धाकटीला वचन दिलं होतं आणि मामा शब्दाचा पक्का. तीन वर्षांनी मामा गेला आणि ते दोन शब्दही बंद झाले.

मोठीचा धंदा चालला, चांगला चालला. पण ती खुर्ची तिने कुणाला बसायला दिली नाही. गिऱ्हाइकाला माझं शिलाईचं स्टूल. उजवीकडचा दिवाही तिने हलवला नाही. त्याची कड तिच्या कोपराला रोज लागायची, मी दहादा सांगितलं, काढून ठेव. “असू दे,” म्हणायची. दुपारी चहा सांगताना ती अजूनही तीन कप मागवायची, मग कपाळावर हात मारायची आणि तिसरा मी प्यायचे. तिला बहीण हवी होती. दुसरं काही तिला नको होतं आणि ते सोडून सगळं मिळत होतं.

चार महिन्यांपूर्वी बँकेतली एक बाई मोत्यांची माळ घेऊन आली. हुकापाशी दोरा तुटला होता, रेशीम मळून तपकिरी झालं होतं. सगळी नव्याने ओवून हवी होती. मोठीने सवयीने भिंग लावलं. गाठी डावीकडे कलत होत्या. मग माळ उलटी करून शेवटचे दोन मोती बघितले. तिथे आईची लपवलेली गाठ होती.

“ही कुठे घेतलीत?” तिने विचारलं.

बाई म्हणाली, तिचं माहेर ज्या शहरात आहे तिथल्या बाजारात एका जिन्याखाली एक बाई टेबल टाकून बसते, डाव्या हाताने काम करते, हात फार सफाईदार. पर्समध्ये तिचं कार्डसुद्धा होतं. मोठीने ते दोन्ही हातांनी घेतलं. वर नाव नव्हतं, नुसतं ‘मोत्यांचे दागिने’ आणि फोन नंबर. म्हणजे धाकटीनेही स्वतःचा धंदा काढला होता.

बाई गेल्यावर मी म्हटलं, “लाव फोन!”

“काय बोलू?”

“माफ कर म्हण. घरी ये म्हण. काहीही म्हण!”

“नऊ वर्षांनी फोनवर माफी मागू? ठेवून देईल ती.” तिने कार्ड खणात ठेवलं. मी चिडले, दोन दिवस तिच्याशी बोलले नाही. कात्री आपटली, मशीन जोरात चालवलं. तिच्यावर काडीचा परिणाम झाला नाही.

माळ मात्र टेबलावर तशीच पडून होती. नव्याने ओवायची तर जुना दोरा कापायला हवा आणि मोठीचा हात कात्रीकडे जाईना. एकदा घेतली, ठेवली. पुन्हा घेतली. तिसऱ्यांदा तिने कात्री माझ्यापुढे धरली. “तू काप. मी धाकटीच्या गाठी दुसऱ्यांदा नाही कापणार.” मी मशीनवरून उठले आणि एकेक गाठ कापली. ती पाठ करून उभी होती. तुकडे मात्र तिने सगळे उचलून डबीत ठेवले.

मग तिने एक वेडेपणा केला. धाकटीच्या खुर्चीवर जाऊन बसली, उजवीकडचा दिवा लावला आणि चिमटा डाव्या हातात घेतला.

“काय चाललंय?” मी विचारलं.

“तिची माळ आहे. तिच्यासारखीच जाईल,” मोठी म्हणाली. “इथे उजेड बरा पडतो गं. मला माहीतच नव्हतं.”

महिनाभर तो तमाशा चालला. पन्नाशीला आलेली बाई, जिच्याकडून माळा ओवून घ्यायला बायका लांबून येतात, ती डाव्या हाताने काचेच्या मण्यांवर गाठी गिरवत होती. चिमटा पडायचा, गाठ मण्याला न खेटता मध्येच बसायची, मणी घरंगळत माझ्या मशीनखाली यायचे. मी म्हणायचे, पहिलीतलं पोर बरं. ती हसायची नाही. ओठ दाताखाली धरून पुन्हा दोरा घ्यायची. एकदा एवढंच म्हणाली, “आईने तिला किती वेळा परत करायला लावलं असेल, मी कधी बघितलंच नाही.”

बँकवाली बाई दोनदा येऊन वैतागून गेली. तिसऱ्यांदा माळ तयार होती. डाव्या गाठी, शेवटी आईची खूण. मोठीने ती स्वतः तिच्या गळ्यात घातली. “माहेरी गेलात की ही घालून त्या जिन्याखाली जा. हुक जरा बघा म्हणा. बाकी काही सांगू नका.”

पुढचे अडीच महिने तिचा जीव टांगणीला लागला होता. दारात कुणाची चाहूल लागली की हातातली गाठ अर्धी राहायची. आणि खरं सांगते, माझंही चित्त थाऱ्यावर नव्हतं. एका गिऱ्हाइकाच्या कुर्त्याला मी दोन्ही बाह्या उजव्याच लावल्या.

शेवटी एका दुपारी ती बाई आली. दारावरच्या पाटीखालूनच बोलायला लागली. “अहो, काय प्रकार आहे हा? त्या बाईने हुकाकडे बघितलंच नाही. भिंग लावून अख्खी माळ बघितली, एकेक मोती. मी वीस मिनिटं जिन्याखाली उभी! शेवटचे दोन मोती बघितले आणि विचारलं, ‘ताईचा उजवा हात मोडलाय का?’”

मोठीने चिमटा खाली ठेवला.

“मी म्हटलं, छे, चांगली धडधाकट आहे ती बाई. माझ्यासमोर उजव्या हाताने चहा प्यायली. तर ती हसायला लागली. आणि डोळ्यांतून पाणी. माझ्या हातात माळ देऊन म्हणाली, ‘तिला म्हणावं, तीन गाठी चुकल्यात. पण मी नाही सोडवणार.’”

मोठी रडेल म्हणून मी उठलेच होते. तिच्या डोळ्यांत पाणी आलंही. पण मग कपाळाला आठी पडली, ती मी पुरती ओळखते. गिऱ्हाइकाने कामात खोट काढली की पडते तीच.

“कुठल्या तीन?” ती म्हणाली.

“ते नाही सांगितलं बाई.”

“काढा बघू माळ.” तिने माळ मखमलीवर पसरली, भिंग लावलं, खण उघडून कार्ड काढलं आणि नंबर लावला. नऊ वर्षं जिला काय बोलू हे सुचत नव्हतं, तिने पलीकडून ‘हॅलो’ आल्याबरोबर विचारलं, “कुठल्या तीन गं?”

मी मशीनवरचा पाय काढला. बँकवाली बाई माझ्या स्टुलावर मटकन बसली. पलीकडचं आम्हाला ऐकू येत नव्हतं. मोठीचं बोट हुकापासून मोत्यांवरून पुढे सरकत होतं.

“हं. ती, कबूल... सातवी? थांब... हो, ती सैल आहे. आणि तिसरी?” बोट बरंच पुढे गेलं आणि थांबलं. “नाही. ती नाही. ती बरोबर आहे... मी सांगते ना, बरोबर आहे!... इतक्या लांबून तुला काय दिसतंय? माझ्या डोळ्यांसमोर आहे ती...” तिचा आवाज चढला आणि ती भांडतच राहिली. दुसऱ्या हाताने तिने शेजारची खुर्ची टेबलाखालून बाहेर ओढली.

“मग ये,” ती म्हणाली, “आणि दाखव.”